डाऊन गाडी डोंगर का चढते? एका इंग्रजी शब्दाचा ठाणे-कल्याणमार्गे शोध

शनिवारच्या वर्तमानपत्रात एक छोटी चौकट असते. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे राहणाऱ्यांना ती राशिभविष्याहून अधिक महत्त्वाची वाटते. रविवारी कोणत्या मार्गावर मेगाब्लॉक आहे, ‘अप’ धीम्या की ‘डाऊन’ जलद, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, एवढाच तिचा मजकूर. लग्नाला, साखरपुड्याला, स्पर्धा परीक्षेला जायचे की नाही आणि जायचे तर घरातून किती आधी निघायचे, हे त्या चौकटीवर ठरते. मराठी वर्तमानपत्रातल्या या मराठी चौकटीत दोन शब्द मात्र वर्षानुवर्षे भाषांतराविना बसून आहेत : अप आणि डाऊन.

मित्रहो, या मालिकेत आपण बहुधा शिलालेख, किल्ले आणि तह यांविषयी बोलतो. आज विषय आहे एक शब्द, ‘डाऊन’. इंग्रजीत तो क्रियाविशेषण आहे, विशेषण आहे आणि ‘डाऊन द हिल’ अशा प्रयोगात आपल्या शब्दयोगी अव्ययाचे काम करणारा शब्दही आहे. इतका साधा शब्द की त्याला इतिहास असेल अशी शंकाही येऊ नये. ती शंका येण्यासाठी कल्याण स्थानकासारखी दुसरी जागा नाही.

कारण असे. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईपासून दूर जाणारी ‘डाऊन’. ठाण्याहून डोंबिवलीला येईपर्यंत या नावांत काही खटकत नाही. जमीन सपाटच आहे. कल्याणला मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे, थळ घाटाच्या पायथ्याशी. दुसरा कर्जतकडे, बोर घाटाच्या पायथ्याशी. तेथून पुढे पुण्याची किंवा नाशिकची गाडी सह्याद्री चढू लागते. कल्याण समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, लोणावळा ६०० मीटरहून अधिक. घाटाचा चढ ठिकठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र, म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. धापा टाकत, मागून रेटा घेत, बोगद्यामागून बोगदा पार करत जी गाडी डोंगर चढते तिचे नाव ‘डाऊन’. आणि तोच डोंगर ब्रेक सांभाळत, जपून उतरणारी गाडी ‘अप’!

लहानपणी पुण्याहून कल्याणला येताना आमची आजी ‘खाली चाललो’ म्हणायची. तिचे चूक नव्हते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणारी मराठी माणसे पिढ्यान्पिढ्या असेच बोलत आली आहेत. आपण ‘कोकणात’ जातो, पण ‘देशावर’ जातो. एका ठिकाणी ‘आत’, दुसऱ्या ठिकाणी ‘वर’. कोणते ठिकाण उंच, कोणते सखल, हे मराठीने नुसत्या प्रत्ययांत आणि अव्ययांत नोंदवून ठेवले आहे. ‘घाटावरचे’ आणि ‘तळकोकण’ हे शब्दही त्याच नकाशाचे. रेल्वेने या नकाशावर दुसराच नकाशा पसरला. त्यात उंची मोजली जात नव्हती, मुंबईपासूनचे अंतर मोजले जात होते.

आता मूळ शब्दाकडे वळू. सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या, म्हणजे प्राचीन इंग्रजीत ‘डून’ असा एक शब्द होता. त्याचा उच्चार दीर्घ ऊकाराचा. अर्थ होता टेकडी, डोंगर. होय, डोंगर! इंग्लंडच्या दक्षिण भागात आजही ज्या गवताळ टेकड्यांच्या रांगेला ‘साउथ डाउन्स’ म्हणतात, तेथे हा जुना अर्थ जिवंत आहे. परदेशी पाहुणा ‘डाउन्स’ म्हणजे खोलगट जागा समजून जातो आणि त्याला टेकडी चढावी लागते.

मग डोंगराचा ‘खाली’ कसा झाला? प्राचीन इंग्रजीत डोंगरावरून उतरण्यासाठी ‘ऑफ डूने’ असा प्रयोग होता. ‘ऑफ’ म्हणजे ‘पासून, वरून’ आणि ‘डूने’ हे ‘डून’चे विभक्तिरूप. मराठीत अगदी तंतोतंत ‘डोंगरावरून’. हा प्रयोग रोजच्या वापरात झिजला. ‘ऑफ डूने’चे ‘अडूने’ झाले, मग पुढचा ‘अ’ही गळाला आणि ‘डूने’ उरले. त्याचे पुढे ‘डाऊन’. गंमत अशी की झिजताना अव्यय गेले आणि नाम राहिले. ‘वरून’ हा अर्थ ज्या शब्दात होता तो ‘ऑफ’ नाहीसा झाला, आणि त्याचे काम मागे राहिलेल्या ‘डोंगरा’च्या अंगावर पडले. आपल्याकडे ‘डोंगरावरून’मधला ‘वरून’ गळून पडावा आणि नुसत्या ‘डोंगर’ शब्दाचाच अर्थ ‘खाली’ व्हावा, तसे हे घडले. कर्जतहून निघालेली डाऊन गाडी डोंगर चढते तेव्हा ती, नकळत का होईना, शब्दाच्या मूळ अर्थाशी प्रामाणिक असते.

येथे एक आडवाट घेतल्यावाचून राहवत नाही. हा ‘डून’ आला कोठून? काही अभ्यासक त्याचा संबंध केल्टिक भाषांतील ‘डूनोन’ या शब्दाशी जोडतात. त्याचा अर्थ गढी, उंचावरचे तटबंदीचे ठाणे. फ्रान्समधील लिओं शहराचे रोमन काळातील नाव ‘लुग्डुनुम’, त्यातला उत्तरार्ध हाच. इंग्रजीतला ‘टाऊन’ हा शब्द या ‘डूनोन’चा सख्खा भाऊबंद आहे, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो ‘डून’ केल्टिकमधून उसना आला की स्वतंत्र आहे याबद्दल. उसना ठरला तर ‘टाऊन’ आणि ‘डाऊन’ एकाच घरातले निघतील. हा वाद मिटलेला नाही, म्हणून त्यावर पैज लावू नये. पण तटबंदी, डोंगर आणि गाव हे अर्थ एकमेकांत कसे मिसळतात हे ज्याने महाराष्ट्रातले गड पाहिले आहेत त्याला समजावून सांगायला नको.

अर्थाचे असे उलटणे इंग्रजीचीच मिरास आहे असे मात्र समजू नका. डोंबिवलीला आपण गाडीतून ‘उतरतो’. या ‘उतरणे’ची व्युत्पत्ती पाहा. संस्कृतातील ‘उत्तरति’पासून ते आले, प्राकृतात ‘उत्तरइ’ होऊन. ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. ‘तृ’ म्हणजे तरून जाणे. ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येणे, पलीकडच्या तीरावर बाहेर पडणे. नावेतून काठावर येणारा माणूस पाण्याच्या दृष्टीने वर येतो आणि नावेच्या दृष्टीने खाली येतो. मराठीने दुसरी बाजू धरली, आणि ज्या शब्दाच्या पोटात ‘वर’ आहे त्याचा अर्थ ‘खाली येणे’ असा झाला. त्यावरूनच प्रवाशाला मराठीत ‘उतारू’ हा सुरेख शब्द आहे; नावेचा उतारू पुढे आगगाडीचा उतारू झाला. कल्याणसारख्या खाडीकाठच्या जुन्या बंदराच्या गावात या शब्दाला जी शोभा येते ती ‘पॅसेंजर’ला कधीच येणार नाही.

बंदर म्हटले की कल्याणचे वय आठवावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख ‘कलियेना’ असा येतो. तेथे येणाऱ्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेले जात असे, अशी तक्रारही त्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कल्याणला उतरलेला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि जवळच एक दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे सांगतात. त्या काळातल्या बैलांच्या तांड्याला ‘वर’ आणि ‘खाली’ यांचा अर्थ विचारण्याची गरज नव्हती. वर म्हणजे जुन्नर, खाली म्हणजे कल्याण; पाठीवरच्या ओझ्यानेच ते सांगितले असते.

‘घाट’ शब्दानेही एक कोलांटी मारली आहे. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठच्या पायऱ्या, उतरण्याची जागा. मराठीत नदीचा घाटही आहे आणि डोंगरातली वाटही घाटच आहे. युरोपीय लोकांनी मात्र वाटेचे नाव अख्ख्या पर्वताला दिले, आणि सह्याद्रीचे ‘वेस्टर्न घाट्स’ झाले. तिकडे डोंगराचा ‘खाली’ झाला, इकडे उताराचा डोंगर झाला.

मग रेल्वेने ‘डाऊन’ हा शब्द या अर्थाने का वापरला? त्याचे उत्तर इंग्लंडमध्ये आहे आणि ते रेल्वेहून जुने आहे. इंग्रजी बोलण्यात लंडनला नेहमी ‘वर’ जायचे असते. घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळातच लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि लंडनहून निघालेली ‘डाऊन’ असे म्हणत. ऑक्सफर्डला शिकायला जाणारा विद्यार्थीही ‘वर’ जातो, आणि विद्यापीठाने हाकलले तर त्याला ‘खाली’ पाठवले असे म्हणतात. ही उंची जमिनीची नसते, मानाची असते. रेल्वे कंपन्यांनी हीच रीत उचलली. फक्त मिडलंड रेल्वेसारखी एखादी कंपनी आपले मुख्यालय असलेल्या डर्बीलाच ‘अप’चा मान देई. मराठीतही असा मानाचा ‘वर’ आहेच. कचेरीत ‘वरून हुकूम आला’ म्हणतात तेव्हा साहेब वरच्या मजल्यावर बसतो असे कोणी समजत नाही.

भारतात ही रीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेबरोबर आली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघाली आणि ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली. पुढे ठाण्याची खाडी ओलांडून १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत उघडला. या कंपनीचे सारे डोळे मुंबई बंदराकडे लागलेले होते. देशावरचा कापूस बंदरावर आणणे आणि मँचेस्टरचे कापड वर नेणे, यासाठीच तर घाट फोडायचा होता. मुंबईकडे तो ‘अप’, हे त्या हिशेबात साहजिक होते.

पण यावरून एखादा सोपा सिद्धान्त उभारू नये. ‘इंग्रजांनी आपल्या सत्तेची केंद्रे उंच ठरवली आणि देशी मुलूख खाली ठरवला’ असे म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण मग बंगालकडे पाहावे लागते. ईस्ट इंडियन रेल्वेवर नेमका उलटा प्रकार होता. हावड्याहून दिल्लीकडे निघणारी गाडी ‘अप’ आणि राजधानी कलकत्त्याकडे येणारी ‘डाऊन’. प्रसिद्ध कालका मेल हावड्याहून सुटताना ‘वन अप’ असे आणि परतताना ‘टू डाऊन’. तेथे गंगा होती. गंगेच्या प्रवाहाविरुद्ध नावेने वर जायचे, प्रवाहाबरोबर खाली कलकत्त्याला यायचे, आणि आतल्या मुलखाला इंग्रज ‘अप-कंट्री’ म्हणत. ती सवय रेल्वेच्या कपाळी आली असावी असे मला वाटते. एकच सरकार, एकच भाषा, एकच शब्दांची जोडी, आणि दोन कोपऱ्यांत दोन उलट अर्थ. शब्दाला अर्थ हुकमाने मिळतो त्यापेक्षा सवयीने अधिक मिळतो.

आपल्याकडे मात्र नदीची नाही, घाटाची गाठ होती. मुंबईकडून मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मोकळा! त्यामुळे पुढची पाच वर्षे पुण्याच्या उतारूने खोपोलीला गाडी सोडायची, पालखी, डोली, तट्टू, जे मिळेल ते धरायचे, घाट चढून खंडाळ्याला जायचे आणि तेथे पुन्हा गाडीत बसायचे. मुंबईहून ‘डाऊन’ निघालेल्या माणसाला त्या पाच वर्षांत डोंगराची ओळख नीट झाली असणार.

तो घाट ज्यांनी फोडला त्यांची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे, पण ती ओलांडून जाणे बरे नव्हे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल निघून गेला. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन तिने काम पुढे चालवले. एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर कड्यावर राबत होते. दोर बांधून कड्यावरून खाली सोडलेली माणसे सुरुंगाची भोके पाडत. पटकी आणि हिवतापाने किती गेली त्यांची नावनिशी कोणी ठेवली नाही. सुमारे २५ किलोमीटरांत १,८०० फुटांहून अधिक चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते हा मार्ग खुला झाला. थळ घाट १८६५ मध्ये.

बोर घाटात खंडाळ्याखाली एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. वळण घ्यायला डोंगराने जागाच ठेवली नव्हती, म्हणून गाडी एका सुळक्यावर नेऊन थांबवत, इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि आल्या दिशेला पाठ फिरवून पुढचा चढ चढवत. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला तेव्हा ही कसरत संपली. तोपर्यंत डाऊन गाडी वर चढत होती आणि तीही अर्ध्या वाटेत उलटी होऊन. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात आपला दरबार पुण्याला हलवत असे. खुद्द लाटसाहेबालाही पुण्याचा थंड वारा खायला ‘डाऊन’ गाडीनेच वर जावे लागे.

आता ‘अप’कडे. मेगाब्लॉकच्या चौकटीत देवनागरीत ‘अप’ लिहिलेले दिसते आणि संस्कृत शिकलेल्या माणसाला पटकन ‘अपमान’, ‘अपयश’ यांतला ‘अप’ आठवतो. तो निराळा. संस्कृत ‘अप’ म्हणजे दूर, बाजूला. आणि त्याचा इंग्रजीतला सगोत्र शब्द ‘अप’ नसून ‘ऑफ’ आहे. तोच ‘ऑफ’, जो ‘ऑफ डूने’मधून गळून पडला! इंग्रजी ‘अप’चे नाते जुळते ते संस्कृत ‘उप’शी. ‘उप’ म्हणजे जवळ, लगत, हाताखाली. ‘खालून वर येणे’ या मूळ कल्पनेतून निरनिराळ्या भाषांत या शब्दाने कोठे ‘खाली’ तर कोठे ‘वर’ असा अर्थ घेतला. ग्रीकमध्ये तो ‘हिपो’ झाला, लॅटिनमध्ये ‘सुब’, आणि दोन्हींचा अर्थ ‘खाली’. प्राचीन जर्मानिक शाखेतल्या गॉथिक भाषेत ‘उफ’ म्हणजेही ‘खाली’, पण त्याच शाखेतल्या इंग्रजीत ‘अप’ म्हणजे ‘वर’.

लॅटिन ‘सुब’वरून ‘सबर्ब’ हा शब्द आला : शहराच्या लगतचा, हाताखालचा भाग. संस्कृत ‘उप’वरून मराठीत ‘उपनगर’. एक लॅटिनच्या टाकसाळीतला, दुसरा संस्कृतच्या, पण दोघांचा पहिला अवयव एकाच धातूचा. ठाण्याहून सकाळी सुटणारी ‘उपनगरी अप लोकल’ म्हणजे एकच शब्द दोनदा उच्चारला गेला आहे, एकदा संस्कृतच्या तोंडून आणि एकदा इंग्रजीच्या. आणि शुद्ध मराठी ‘वर’? तोही या घराबाहेरचा नाही. संस्कृत ‘उपरि’, प्राकृत ‘उवरि’, जुन्या मराठीत ‘वरि’, आज ‘वर’. ‘उपरि’चे ग्रीक भावंड ‘हिपेर’, लॅटिन ‘सुपेर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’. जेथे संस्कृतात ‘प’ तेथे जर्मानिक भाषांत ‘फ’ किंवा ‘व’, हा नियम ‘अप’–‘ऑफ’ आणि ‘उपरि’–‘ओव्हर’ या दोन्ही जोड्यांत दिसतो. इंग्रजी ‘अप’ त्याला फसला नाही, कारण त्या शब्दात ‘प’ दुहेरी झाला होता.

हे सारे भाषिक गोत्र शोधण्याची सुरुवात झाली तिच्याशी ठाण्याचा एक योगायोगाचा धागा आहे, आणि तो मला फार आवडतो. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना एक ताम्रपट सापडला. तो शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चा, भूमिदानाचा. त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात, १७८८ मध्ये छापले गेले. त्याच खंडात विल्यम जोन्स यांचे १७८६ चे ते व्याख्यान आहे, ज्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित लुप्त झालेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे त्यांनी मांडले. इंग्रजी ज्या शाखेची त्या गॉथिकचेही मूळ तेच असावे, असे त्यांचे म्हणणे. ‘उप’ आणि ‘अप’ यांची सोयरीक जुळण्याची शक्यता ज्या पुस्तकात प्रथम ठळकपणे दिसली, त्याच पुस्तकात ठाण्याचा ताम्रपट आहे.

त्या ताम्रपटात ठाण्याचे नाव ‘श्रीस्थानक’ असे आहे. ‘स्थान’चे प्राकृतात ‘ठाण’, त्याचे ‘ठाणे’. संस्कृत ‘स्था’ आणि लॅटिन ‘स्तारे’, उभे राहणे, हे एकाच मुळाचे. ‘स्टेशन’ हा शब्द त्या लॅटिन क्रियापदाचा वंशज. आपण स्टेशनला मराठीत ‘स्थानक’ म्हणतो. ‘ठाणे स्थानक’ म्हणजे स्थानकाचे स्थानक! शिलाहारांच्या राजधानीला आठशे-साडेआठशे वर्षांनी देशातले पहिले टोकाचे स्टेशन मिळाले, ते नावाप्रमाणेच झाले म्हणायचे.

इंग्रजीत असे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत नामाला मागून चिकटतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले. मराठी शाळांत शब्दांच्या जातींची जी मांडणी रुजली तिच्यामागे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि त्या मांडणीत इंग्रजीतील या शब्दांच्या जागी आपले शब्दयोगी अव्यय बसले. जागा उलटी, पण घडण सारखी. ‘पासून’मध्ये ‘पार्श्व’ म्हणजे बरगडी, बाजू लपली आहे. ‘कडे’ हे ‘कड’ या नामाचे, म्हणजे बाजू, किनार या अर्थाच्या शब्दाचे रूप आहे. आणि डोंगराचा ‘कडा’ त्याच कुळातला. तेव्हा ‘मुंबईकडे’ आणि ‘पुण्याकडे’ म्हणताना आपणही, इंग्रजांसारखेच, डोंगराचाच एक तुकडा अव्यय म्हणून वापरत असतो.

यात एक प्रश्न उरतो, आणि तो व्युत्पत्तीचा नाही. कोणी ठरवले की मुंबई ‘अप’ आणि कल्याण ‘डाऊन’? कल्याण बंदर जुन्नरच्या बाजारपेठेशी जोडलेले होते तेव्हा मुंबईला एक शहर म्हणून अस्तित्वच नव्हते. ठाणे शिलाहारांची राजधानी होती, पोर्तुगिजांचे लष्करी ठिकाण होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून मिळवले. साष्टी हाती असल्याशिवाय मुंबई सुरक्षित नाही, हे इंग्रज जाणून होते. म्हणजे तेव्हा मुंबईला ठाण्याची गरज होती. पुढच्या ८० वर्षांत हे नाते फिरले आणि लोहमार्गाने ते रुळांवर पक्के केले. आज डोंबिवलीचा माणूस सकाळी ‘अप’ होतो आणि रात्री ‘डाऊन’. त्याचे घर ज्या दिशेला आहे तिला वेळापत्रक ‘खाली’ म्हणते. कित्येक जण तर जागा मिळावी म्हणून सकाळी आधी डाऊन गाडीत बसून कल्याणला जातात आणि त्याच गाडीने अप येतात. वर जाण्यासाठी आधी खाली जाण्याची ही युक्ती कोणत्याही व्याकरणात सांगितलेली नाही.

गाड्यांच्या क्रमांकांतही ही दिशा दडली आहे. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन १२१२३, विषम अंकाची, म्हणून डाऊन; पुण्याहून येणारी १२१२४, सम अंकाची, अप. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी संध्याकाळी डाऊन जात बोर घाट चढते. पुढच्या वेळी तुम्ही तिच्यात किंवा दुसऱ्या एखाद्या डाऊन गाडीत असाल, तर कर्जतला खिडकीतून मागे पाहा. गाडी थोडा वेळ थांबते, फलाटावर वड्याचा वास दरवळत असतो, आणि शेवटच्या डब्यामागे बँकर इंजिने येऊन लागल्याचा एक हलका धक्का बसतो.